सरावाच्या गुणांवर आमच्या लेकरांची लायकी ठरवू नका!

जळगाव आणि धुळ्यात नीटच्या तयारीचे क्लास गल्लोगल्ली झाले आहेत. रविवारी सराव परीक्षा होते आणि एक-दोन दिवसांत बापाच्या मोबाईलवर निरोप येतो. मुलाचे नाव, बॅच, ७२० पैकी गुण आणि बॅचमधला क्रमांक. एवढ्या चार गोष्टींवर आमच्या घरांतून मोठमोठे निर्णय होऊ लागले आहेत. ३१० आले, म्हणजे पोरगी काही डॉक्टर होत नाही, तिचे नाव दुसरीकडे टाका. २६० आले, म्हणजे पुढचा हप्ता भरण्यात अर्थ नाही. त्यातही मुलगा असेल तर बाप एक वर्ष गॅप द्यायला तयार होतो. मुलगी असेल तर तोच आकडा शेवटचा शब्द ठरतो. नर्सिंग किंवा डीएमएलटी ही हलकी कामे आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ती वाट मुलीने स्वतः निवडलेली असावी. क्लासच्या एका निरोपाने ती तिच्या माथी मारलेली नसावी.

आम्हाला आज एकच गोष्ट सांगायची आहे. सराव परीक्षेचा आकडा आणि मे महिन्यातल्या खऱ्या परीक्षेचा आकडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सरावाचा आकडा मूल कुठे चुकते ते दाखवतो. त्याच्याकडून एवढेच काम घ्यावे. ज्या समाजाला शतकानुशतके लायकीचे दाखले दुसऱ्यांनीच वाटले, त्या समाजाने आता क्लासवाल्याकडून मिळालेला दाखला डोळे मिटून स्वीकारावा, हे आम्हाला मान्य नाही.

आधी हा आकडा कसा तयार होतो ते पाहू. नीट ही ७२० गुणांची परीक्षा आहे. २०२५ च्या परीक्षेत भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे १८० प्रश्न होते आणि वेळ होती १८० मिनिटे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकले तर १ गुण कापला जातो. २०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे असत, म्हणजे नको ते प्रश्न सोडून देण्याची सोय होती. २०२२ पासून वेळही २० मिनिटे जास्त होता. २०२५ मध्ये ही सोय आणि हा वेळ दोन्ही गेले. परंतु जुने संच अजून बाजारात आहेत आणि झेरॉक्सच्या दुकानातून आमची मुले तेच विकत घेतात. जुन्या पद्धतीच्या संचावर २०० मिनिटांत मिळवलेले गुण आणि १८० मिनिटांत मिळवलेले गुण यांची तुलना करायची तरी कशी?

दुसरी गोष्ट. क्लासची प्रश्नपत्रिका क्लासच काढतो. ती किती अवघड काढायची हे त्याच्याच हातात असते. मुलांना घाबरवून जादा तासांची बॅच भरायची असेल तर पेपर कठीण निघतो. पालकांना खूश ठेवायचे असेल तर सोपा निघतो. सगळेच क्लास असे करतात असा आमचा आरोप नाही, मन लावून शिकवणारे शिक्षकही या दोन जिल्ह्यांत आहेत. पण ज्या मापाची खूण तपासायला कोणी सरकारी निरीक्षक येत नाही, त्या मापाने आपल्या लेकराचे आयुष्य तोलायचे का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आणि खऱ्या परीक्षेचे माप तरी दरवर्षी एकच कुठे असते? २०२४ मध्ये निकाल लागला तेव्हा ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली होती, त्यातले एकच ग्राह्य ठरले. त्या एका प्रश्नाने चार लाखांहून अधिक मुलांचे गुण बदलले आणि पैकीच्या पैकी गुणवाले शेवटी १७ उरले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, भौतिकशास्त्राचा पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण ६८६ होते आणि ६५० च्या वर शंभर जणही नव्हते. पात्रतेची रेषा २०२४ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी १६२ आणि अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींसाठी १२७ होती. २०२५ मध्ये ती अनुक्रमे १४४ आणि ११३ झाली. म्हणजे एका वर्षी ज्या ५०० गुणांना कोणी विचारत नव्हते, त्याच ५०० गुणांना दुसऱ्या वर्षी वजन आले. मग फेब्रुवारीतल्या सरावाचे गुण गेल्या वर्षीच्या कट-ऑफशेजारी मांडून 'तुझे काही खरे नाही' असे मुलाला सांगणे हा कुठला हिशोब? दरवर्षी माप बदलते तिथे गुणांपेक्षा क्रमांक पाहावा लागतो. आणि क्रमांकही दोनशेच्या बॅचमधला पाहून भागत नाही, कारण २०२५ मध्ये प्रत्यक्ष परीक्षेला बसलेली मुले बावीस लाखांच्या वर होती.

आता निगेटिव्ह मार्किंगचा हिशोब मांडू. हा हिशोब शिकलेल्या घरातल्या मुलाला जेवणाच्या ताटावर समजतो. आमच्या मुलाला तो समजायला दोन-चार परीक्षा जाव्या लागतात. समजा दोन मुली आहेत. दोघींना १२० प्रश्नांची उत्तरे नक्की येतात. पहिलीने १८० च्या १८० गोल काळे केले. १२० बरोबर, ६० चूक. ४८० मधून ६० गेले, उरले ४२०. दुसरीने १४० सोडवले, २० चुकले. ४८० मधून २० गेले, उरले ४६०. दोघींना येत होते ते सारखेच. फरक ४० गुणांचा. या ४० गुणांत शासकीय महाविद्यालयाची जागा येते आणि जाते. पहिली मुलगी ढ आहे का? मुळीच नाही. कुठे थांबायचे हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि नुसते 'अंदाज लावू नकोस' सांगूनही भागत नाही. चारपैकी दोन पर्याय खात्रीने चुकीचे आहेत हे कळत असेल तर उरलेल्या दोनांतून एक निवडणे सरासरीने फायद्याचेच ठरते. कधी थांबायचे आणि कधी पुढे जायचे हे शिकण्याची जागा म्हणजे सराव परीक्षा. त्यातच राज्याच्या एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आमची कितीतरी मुले दोन्ही परीक्षा देतात आणि एकीची सवय दुसरीत घेऊन जातात.

भाषेचे दुखणे तर कोणत्याच गुणपत्रिकेवर छापून येत नाही. आमच्या खानदेशातले मूल घरात अहिराणी बोलते, कुठे तावडी बोलते, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिली बोलते. शाळेत ते प्रमाण मराठी शिकते. दहावीपर्यंत जिला 'तंतुकणिका' म्हणून ओळखले, ती अकरावीत एकाएकी 'मायटोकॉन्ड्रिया' होते. 'संवेग' जातो आणि 'मोमेंटम' येतो. सेमी-इंग्रजी शाळेतून आलेल्याला त्रास कमी होतो, पण आश्रमशाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्याला अकरावीचे निम्मे वर्ष शब्दांशी झुंजण्यातच जाते. विषय समजतो, प्रश्न समजत नाही. 'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे' यातला 'चूक' हा शब्द घाईत निसटतो आणि येत असलेले उत्तर हातचे जाते. नीटचा पेपर २०१७ पासून मराठीतही मिळतो, मराठी निवडणाऱ्याला मराठी व इंग्रजी दोन्ही मजकूर असलेली पुस्तिका मिळते. मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात आणि भाषा अर्ज भरतानाच ठरवावी लागते. परंतु मराठीतून दर्जेदार टेस्ट सिरीज शोधायला जा, हात हलवत परत यावे लागते. परीक्षा मराठीत, सराव मात्र इंग्रजीत, आणि मग सरावाचे गुण कमी आले म्हणून दोष मुलाचा!

तीच गोष्ट परीक्षेच्या दिवसाची. क्लासची सराव परीक्षा ओळखीच्या वर्गात, पंख्याखाली किंवा एसीत, बहुधा सकाळी होते. खरी परीक्षा मे महिन्यातल्या रविवारी दुपारी दोनला सुरू होते. दीड वाजता फाटक बंद होते. जळगाव-भुसावळचा मे महिना काय असतो हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, पारा ४३-४४ च्या वर जातो. साक्रीच्या, चोपड्याच्या किंवा यावलच्या खेड्यातून पोरगी पहाटे निघते, एसटी बदलते आणि अनोळखी शाळेच्या फाटकापुढे उन्हात रांगेत उभी राहते. पूर्ण बाह्यांचे कपडे चालत नाहीत, बूट चालत नाहीत, पेनही केंद्रावरचेच. झडती होते, अंगठ्याचा ठसा घेतात, मग कुठे बाकावर बसायला मिळते. ज्या घरात मोटार आहे तिथले मूल आदल्या रात्री शहरात मुक्कामाला येते. दोघांना प्रश्न तेच, वेळही तोच. पण पहिल्या अर्ध्या तासात दोघांची डोकी सारखी चालतील असे कोण म्हणेल? सरावात ४५० मिळवणारे मूल प्रत्यक्षात ३९० वर येते त्यामागे पुष्कळदा हा अर्धा तास असतो.

आता बाजाराकडे वळू. एकलव्याला द्रोणाचार्याने शिकवले नाही, अंगठा तेवढा मागितला. आजचा द्रोणाचार्य गुरुदक्षिणा आधी घेतो, पावती देतो आणि मग सराव परीक्षेच्या गुणांवरून मुलांची वर्णव्यवस्था लावतो. वरची बॅच, मधली बॅच, खालची बॅच. वरच्या बॅचला नामवंत शिक्षक, खालच्या बॅचला कालच नोकरीला लागलेला. चौकातल्या फलकावर वरच्या बॅचचे फोटो, आणि फी मात्र खालच्या बॅचनेही तेवढीच भरलेली. आमची मुले कोणत्या बॅचमध्ये जास्त सापडतात हे पाहायला दुर्बिणीची गरज नाही. वर्गात उठून 'मला समजले नाही' म्हणण्याचे धाडस ज्या मुलाला सातवीपासून कोणी शिकवलेच नाही, ते मूल पहिल्या दोन सराव परीक्षांत खाली जाते आणि नंतर त्याला वर यायला जिनाच राहत नाही.

यावर कायद्याचे बोलणे झालेले आहे, ते आमच्या पालकांपर्यंत पोहोचलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. क्लासने घेतलेल्या चाचणीचे निकाल जाहीरपणे मांडू नयेत, ते गोपनीय ठेवून मुलाच्या प्रगतीच्या अभ्यासासाठी वापरावेत आणि मागे पडणाऱ्याला समुपदेशन द्यावे, असे त्यात म्हटले आहे. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. न्यायालयाने देशभरच्या शिक्षणसंस्थांना, विशेषतः कोचिंग क्लासना, सांगितले की गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच करणे, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणे, त्यांच्या कुवतीबाहेरची लक्ष्ये लादणे हे शक्यतोवर टाळावे. वंचित घटकांतून आलेल्या मुलांशी संवेदनशीलतेने वागण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे आणि देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असावी, असेही बजावले. ही समिती जळगावात काय करते, धुळ्यात काय करते, तिच्यापुढे किती क्लासची तपासणी झाली, हे विचारणारे निवेदन आमच्या किती संघटनांनी दिले? पुतळ्याभोवतीच्या सुशोभीकरणासाठी आम्ही दहा निवेदने देतो. त्यातले अकरावे या कामासाठी द्यायला काय हरकत आहे?

'मेरिट, मेरिट' म्हणून आमच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. २००६ मध्ये आरक्षणाविरुद्ध दिल्लीच्या एम्समध्ये डॉक्टर रस्त्यावर उतरले होते, रस्ते झाडून दाखवत होते. त्यानंतर त्याच संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते हे प्रा. सुखदेव थोरात समितीच्या २००७ च्या अहवालाने देशासमोर मांडले. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर नीटची पात्रता सर्वच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. तेव्हा मेरिटवाल्यांचा एकही झाडू रस्त्यावर दिसला नाही. खाजगी महाविद्यालयांच्या एनआरआय कोट्यात पात्रतेची रेषा ओलांडलेला आणि खिसा भरलेला कोणीही डॉक्टर होऊ शकतो, त्याच्या गुणांची चौकशी कोणी करीत नाही. २०२४ मध्ये पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. फुटीचा परिणाम सबंध परीक्षेवर झाल्याचे दिसत नाही म्हणून फेरपरीक्षा नाकारली, ती गोष्ट वेगळी. आमच्या राज्यात लातूरलाही जून २०२४ मध्ये याच संदर्भात गुन्हा दाखल झाला. पेपर विकत घेणाऱ्याचे मेरिट आणि स्कॉलरशिपच्या पैशात झेरॉक्स काढणाऱ्याचे मेरिट एकाच तराजूत तोलणारे हे लोक आहेत!

तामिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातील अनिता ही दलित हमालाची मुलगी. बारावीला तिला १२०० पैकी ११७६ गुण होते, नीटमध्ये ८६ मिळाले. ती न्याय मागायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने जगाचा निरोप घेतला. त्या राज्याने पुढे न्या. ए. के. राजन समिती नेमली. नीटमुळे सरकारी शाळेतील, ग्रामीण आणि मातृभाषेतून शिकणारी मुले मागे पडली असे त्या समितीने २०२१ मध्ये सांगितले. २०२० मध्येच तिथे सरकारी शाळांतील मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्रात असा अभ्यास का झाला नाही? जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळेच्या किती मुलांना एमबीबीएसची जागा मिळाली, याची जिल्हावार मोजणी सरकारने करून जाहीर करावी. खानदेशापुरती करायची म्हटली तरी अवघड नाही.

आणि आमच्या जळगावच्या डॉ. पायल तडवी यांना कसे विसरायचे? आदिवासी तडवी समाजातली ही लेक सगळ्या परीक्षा पार करून मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी ती गेली. तिथे तिचा जातीवरून छळ झाला, असा आरोप तिच्या कुटुंबाने केला. त्याच वर्षी तिच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला या दोन माता उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आकड्यावरून माणसाची किंमत करण्याची सवय क्लासमध्ये लागते आणि वॉर्डापर्यंत जाते. 'किती गुणांवर आलीस?' हा प्रश्न तिथेही पाठ सोडत नाही. म्हणून ही सवय मोडायची तर सुरुवात पहिल्या सराव परीक्षेपासून, आपल्याच घरापासून केली पाहिजे.

मग सराव परीक्षा देऊच नयेत का? असा अर्थ कोणी काढू नये. उलट आमचे म्हणणे असे की आमच्या मुलांना त्या जास्त द्याव्या लागतील, कारण घरात सांगणारे कोणी नाही. पण त्या आपल्या हातात हव्यात. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. मागच्या वर्षांच्या नीटच्या खऱ्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची मोफत उपलब्ध आहेत. बाजारातल्या चकचकीत संचांपेक्षा खऱ्या परीक्षेच्या जवळ जाणारे त्यांच्याइतके दुसरे काही नाही. ओएमआर शीटच्या झेरॉक्स काढा. गावोगावची बुद्धविहारे रविवारी दुपारी रिकामी असतात. मार्च-एप्रिलच्या रविवारी बरोबर दोन ते पाच या वेळेत, मोबाईल बाहेर ठेवून, उन्हातून चालत येऊन, ओळखीच्या मुलांना वेगवेगळे बसवून पेपर घ्या. जे मे महिन्यात सोसायचे आहे ते आधीच चार वेळा सोसून झालेले असेल.

पेपर झाल्यावर गुणांचा फलक लावू नका. प्रत्येक मुलाला एक वही द्या आणि तीन रकाने पाडायला सांगा. पहिल्या रकान्यात न आलेले प्रश्न. दुसऱ्यात येत असून प्रश्न नीट न वाचल्याने किंवा इंग्रजी न कळल्याने चुकलेले. तिसऱ्यात वेळ न पुरल्याने, चुकीचा गोल काळा केल्याने किंवा उगाच अंदाज लावल्याने गेलेले. आमच्या पाहण्यात असे आहे की पहिल्या पिढीच्या मुलांचे दुसरा आणि तिसरा रकाना भरभरून वाहतात. पहिला रकाना भरून काढायला वर्ष लागते. पुढच्या दोन रकान्यांची गळती काही महिन्यांत थांबवता येते. मोबाईलवर येणारा ३१० हा आकडा या तीन रकान्यांची खिचडी असतो. त्यातून बापाला काही कळत नाही आणि मुलीलाही नाही. पाचव्या पेपरला तिसरा रकाना अर्ध्यावर आला, तर ती मुलगी पुढे चालली आहे असे समजा, मग बॅचमधला क्रमांक काहीही असो.

शिकवायला माणसे कुठून आणायची? धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८ मध्ये जळगावला आणि २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या तिन्ही ठिकाणी आमची मुले शिकत आहेत. हीच परीक्षा देऊन ती आत गेली आहेत. महिन्यातला एक रविवार त्यांनी विहाराला द्यावा. आमच्या समाजातील डॉक्टर, प्राध्यापक, रेल्वेतले आणि आयुध निर्माणीतले नोकरदार यांनी खर्च वाटून घ्यावा. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. शिकायचे म्हटले की इमारत, पुस्तके, वसतिगृह आणि जीव लावणारा शिक्षक लागतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होते. आम्ही नुसते 'शिका' म्हणून मोकळे होतो.

सरकारकडूनही हक्काने मागायचे आहे. महाज्योतीने ओबीसी, भटक्या-विमुक्तांच्या मुलांना टॅब आणि इंटरनेट देऊन नीटचे ऑनलाइन प्रशिक्षण चालवले. बार्टीने आणि आदिवासी विकास विभागाने जळगाव, धुळ्यात प्रत्यक्ष बसून पेपर देण्याची मोफत केंद्रे द्यावीत, त्यांतल्या प्रश्नपत्रिका मराठीतही असाव्यात. टॅबवर बोट फिरवून दिलेली परीक्षा आणि पेनाने गोल काळे करून दिलेली परीक्षा यांत फरक आहे.

एका परीक्षेचा सराव मात्र कोणताच क्लास घेत नाही. ती आहे कागदपत्रांची. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जातीला १३ टक्के आणि अनुसूचित जमातीला ७ टक्के जागा आहेत, पण जात वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर मिळालेली जागा दाराशी येऊन परत जाते. ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर लागते. अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत वैधतेचा अर्ज केला पाहिजे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. त्या स्मृतीला अभिवादन करायला दरवर्षी ३१ जुलैला तिथे आपला समाज लोटतो. साधारण त्याच दिवसांत वैद्यकीय प्रवेशफेऱ्यांची धावपळ असते. खाद्यपदार्थांच्या आणि कॅसेट-पोस्टरच्या दुकानांशेजारी एक टेबल कागदपत्रे तपासून देणारे आणि एक टेबल जुने पेपर वाटणारे मांडता येईल. वकील असलेल्या बाबासाहेबांना याहून चांगले अभिवादन दुसरे कोणते असेल?

पालक बांधवांनो आणि भगिनींनो, मोबाईलवर आकडा आला की पोरीला 'किती?' असे विचारू नका. 'कुठे चुकले?' असे विचारा, आणि तिची वही उघडून शेजारी बसा. अक्षर वाचता आले नाही तरी रकाना मोठा झाला की लहान, एवढे तर कोणालाही दिसते. खचलेली दिसली तर पेपर बाजूला ठेवा आणि तिला जवळ घ्या, कारण परीक्षा पुन्हा देता येते. आणि ती लढायला तयार असेल तर तिला आणखी एक वर्ष द्या, जसे तिच्या भावाला दिले असते. जय भीम!